फितवणं

नांदेडच्या धान्याच्या मोंढ्यासमोर लुंबिनीचं शिवणकामाचं दुकान. मशीनवर बसल्या बसल्या तिनं भर दुपारी डोळ्यांनी पाहिलं होतं, अडत्याच्या पोरानं हमाल केरबाला लोखंडी गजानं मारलेलं. कारण काय, तर हातगाडा त्याच्या कारला घासला. केरबाचा एक डोळा कायमचा गेला. पाहणारे आणखीही होते, पण कोर्टात एकेकानं हात वर केले. उरली एकटी लुंबिनी.

साक्षीच्या आदल्या संध्याकाळी धाकटा भाऊ आनंदराज आला. तो त्याच अडत्याच्या गाडीवर ड्रायव्हर.

"अक्का, खोटं बोल म्हणत न्हाई मी. एवढंच म्हण, गर्दी होती, नीट दिसलं न्हाई."

"गर्दी कुठं होती रे?"

"माझी नोकरी जाईल. पोरीला, शिवानीला, आत्ताच शाळेत घातलंय."

आई गेल्यावर लुंबिनीनंच त्याला लहानाचा मोठा केला होता. तिच्या तोंडून निघून गेलं, "बघते." तेवढ्यावर त्याचा चेहरा खुलला. जेवला, जयभीम घालून गेला. लुंबिनीनं मात्र आपलं ताट तसंच झाकून ठेवलं.

सकाळी कोर्टाच्या व्हरांड्यात सरकारी वकील सौदामिनीबाईंनी हळूच विचारलं, "कुणी फितवलं तर नाही ना तुम्हाला?"

"फितवणं म्हंजे किल्ल्याचा दरवाजा आतून उघडायला लावणं ना बाई? शाळेत वाचलं होतं."

"तेच. फितूर शब्द मूळचा अरबी, फारसी-उर्दूतून आपल्याकडं आला. आधी त्याचा अर्थ नुसता ढिलं पडणं, जोर ओसरणं. मग बिघाड, मग बंड, दगा. फितवणारा आधी माणसाला ढिलं पाडतो, मग हवं ते करून घेतो."

लुंबिनीला कुणी धमकावलं नव्हतं, कुणी बोट लावलं नव्हतं. तरी रात्रभर ती 'नीट दिसलं न्हाई' हेच घोकत होती.

पुकारा झाला. ती साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभी राहिली. मागच्या बाकावर आनंदराज बसला होता. तिनं त्याच्याकडं न बघता सगळं सांगितलं. गज कुणाच्या हातात होता, तेही सांगितलं.

आरोपीचा वकील उसळला. "तुम्हाला पढवून आणलंय!"

"पढवलं न्हाई, साहेब. फितवायला आले होते."

न्यायाधीशांनी मान वर केली. "कोण?"

लुंबिनीनं कठडा घट्ट धरला.

"माझा भाऊ. तो तिथं बसलाय."

बाहेर आनंदराजनं तिला गाठलं. "माझं नाव कशाला घेतलंस अक्का?"

"इचारलं म्हणून," ती म्हणाली आणि तिथंच पायरीवर बसून रडली.

अडत्याच्या पोराला शिक्षा झाली. आनंदराजची नोकरी साक्षीच्या दिवशीच गेली, वर साक्षीदार फितवल्याची चौकशीही मागं लागली. आता तो ऑटो चालवतो. मोंढ्याचं भाडं मिळालं तर घेतो, पण दुकानाकडं मान वळवत नाही.