नाकाखालचं माप

माझे पती जालन्याच्या रुग्णालयात वारले. त्यांचं तोंड आम्हांला पाहू दिलं नाही. टाळेबंदी होती, जाफराबादच्या आमच्या घरी बसायला कोणी आलं नाही.

मी रोजचा नवकार मंत्र म्हणणं सोडलं. आमच्या जैन धर्मात देव कुणाला मारत नाही आणि तारतही नाही. ज्याचं त्याचं कर्म. पुस्तकांत हे पुष्कळदा वाचलं होतं, पटलंही होतं. आता त्याचाच संताप येई. भांडायलासुद्धा समोर कोणी नव्हतं.

गल्लीतल्या आशा कार्यकर्त्या शोभाताई तेव्हा तोंडाला पदर गुंडाळून घरोघर ताप विचारत फिरायच्या. मास्क कुठे मिळत नव्हते. खिडकीतून त्यांना पाहिलं आणि ठरवलं, या रोगाला आपल्या गल्लीतून आणखी माणूस असा सहज नेऊ द्यायचा नाही. शोभाताईंसाठी आणि त्यांच्यासोबतच्या बायांसाठी मास्क शिवायचे. सासूबाई म्हणाल्या, सुतकात सुई धरत नाहीत. मी विचारलं, रोग सुतक पाळतो का? त्या आत जाऊन पडल्या. त्यांचा मुलगा गेला होता. मी मशीन पुढे ओढलं.

पलंगपोस, यांचे सदरे, घरात होतं नव्हतं ते सगळं सुती कापड थरावर थर ठेवून एकदम कापलं. शिवून ढीग केला. शोभाताईंनी अंगणात उभं राहून एक मास्क बांधला आणि हसायलाच लागल्या.

"भाभी, नाकाचं काय? कोरोना काय इचारून येऊन राह्यला का, तोंडातून येऊ का नाकातून?"

मग माझ्या लक्षात आलं. सामायिकाला, म्हणजे आमच्या रोजच्या ध्यानाला बसताना आम्ही तोंडावर मुहपत्ती बांधतो. बोलताना हवेतला सूक्ष्म जीव मरू नये म्हणून. ती नाकाखाली असते. लहानपणापासून हाताला तेच माप. शिवलेलं स्वतःच्या तोंडाला लावूनही पाहिलं नव्हतं, कारण सुतकात आरसा पाहत नाहीत. सुतकाचा तेवढा एकच नियम मी पाळला होता.

दोन मास्क एकमेकांना जोडून पाहिले, तर जाड शिवण नाकावर येऊन श्वास कोंडायचा. नवं कापायला चिंधी उरली नव्हती. शोभाताई पुन्हा पदर गुंडाळून पुढच्या घरी गेल्या. त्यांना पाठमोरं पाहताना मी मोठ्याने म्हणाले, मी थांबणार नाही. कापड कुठून आणायचं ते तू बघ. कुणाला म्हणाले, माहीत नाही. ती प्रार्थना नव्हती. दमच दिला होता मी.

दुसऱ्या दिवशी एक जोडपं ओट्यापाशी पाणी मागायला थांबलं. तो खेडोपाडी कापड विकणारा. जीपा बंद म्हणून डोक्यावर गठ्ठा घेऊन बायकोसोबत पायी गावाकडे निघालेला. दारातून ढीग दिसला म्हणून त्याने विचारलं, मी झालेली चूक सांगितली. तो हसला नाही. गठ्ठा सोडून त्याने पांढऱ्या सुती कापडाचा तागा ओट्यावर ठेवला.

"ठेवून घ्या, बाई. हे ओझं घेऊन आता चालणं न्हाई होत."

तेवढ्यात सासूबाई आतून उठून आल्या. तागा उलगडून त्यांनी कापडाचं टोक स्वतःच्या नाकावर धरलं आणि मला म्हणाल्या, "इथून काप."

पहिले दोन मास्क त्या जोडप्याने बांधले आणि ते निघाले. नाव विचारायचं राहून गेलं. शोभाताईंना आणि त्यांच्या बायांना त्या आठवड्यात पुरतील एवढे मास्क झाले.

चमत्कार झाला, असं मी म्हणत नाही. तो माणूस थकला होता आणि ओझं जड होतं. पण ते माझ्याच ओट्यावर उतरलं, याबद्दल मी हात जोडते. शरण जाणं म्हणजे मान खाली घालणं, असं मला वाटायचं. आपल्याकडचं सगळं कापून संपल्यावरही मशीनपाशी बसून राहणं, हेही शरण जाणंच असावं. यांना का नेलं, याचं उत्तर मला मिळालेलं नाही आणि मिळालं असं मी कधी म्हणणारही नाही.

आता घरात सासूबाई आणि मी आहोत. दोघी रोज सामायिकाला बसतो. माझा राग गेलेला नाही. तो घेऊनच बसते.