शुकनाची फाईल

शेठनी मोबाईल माझ्यासमोर धरला. फोटोत आमचे दुपट्टे होते, आमचेच, मी हातानं घड्या घालून खोक्यात भरलेले. आता खोकी फाटलेली, आत पाणी, लाल रंग पांढऱ्यात उतरलेला. परदेशातल्या पार्टीनं, म्हणजे माल घेणाऱ्यानं, पाठवलेले फोटो. जहाजावर कंटेनरमध्ये पाणी शिरलं होतं. शेठ एकेक फोटो सरकवत होते आणि म्हणत होते, काही नाही, विमा आहे ना, विमावाला देईल. आणि मला तिथंच, त्या क्षणीच, समजलं की विमा नाहीये. कारण ज्या चिठ्ठीवरून विमा काढतात ती मी भरली होती.

मी आठवीपर्यंत शिकले. लग्न होऊन शिरपूरकडून सुरतला आले, नवरा लूमवर, आम्ही कोसाडला राहतो. या ऑफिसात मी आधी पॅकिंगला होते. पोरगी झाल्यावर सगळे म्हणाले आता सुटलं काम. पण आमच्या मेहताजी काकांनी शेठला सांगितलं, बाई हुशार आहे, कॉम्प्युटरवर बसवतो, पोरगी राहील इथंच माझ्या टेबलाजवळ. काका आमच्याच भागातले, अमळनेरकडचे, तीस वर्षं हिशोब बघत होते. दुपट्ट्याची झोळी त्यांनीच बांधली, दोन कपाटांच्या मधे.

काम त्यांनीच शिकवलं. परदेशात माल पाठवायचा तर कागदावर तीन इंग्रजी अक्षरं लिहावी लागतात, त्यावरून ठरतं कुठपर्यंतचा खर्च आपला आणि कुठून पुढं त्यांचा. मला ते काही केल्या डोक्यात शिरेना. तेव्हा काका म्हणाले, तुझा मामा गावाहून दादर ज्वारीचं पोतं पाठवतो ना. नुसतं एसटीत चढवून दिलं, पुढचं भाडं तू भरायचं, पोतं भिजलं तर तुझं तू बघायचं, ते एफओबी. आणि मामानं भाडंही भरलं, वाटेत भिजलं तर भरपाईची सोयही आधीच करून ठेवली, ते सीआयएफ. मग मी कधी विसरले नाही. विसरले नाही हेच तर दुखतं. माहीत असून झालं.

आमच्या शेठचं एक आहे, नवीन फाईल उघडायची नाही. धंद्यातला पहिला माल जिच्यावर सुखरूप गेला ती फाईल शुकनाची, म्हणजे शुभशकुनाची. पार्टी कोणतीही असो, तीच फाईल उघडायची, नाव बदलायचं, बंदर बदलायचं, नग बदलायचे. कोरा कागद घेतला की शेठ बोलतात, बेन, शुकन तोडू नका. ती शुकनाची फाईल एफओबीची.

त्या दिवशी पोरगी तापली होती, सारखी रडत होती. काकांनी सकाळीच सांगितलं होतं, ही पार्टी सीआयएफ. जहाजाचं भाडं त्यांनी स्वतः फोनवर ठरवलंही होतं, म्हणून माल बिनबोभाट गेला, कुणाला काही खटकलं नाही. विमा मात्र हजीऱ्याच्या बंदरावरचा एजंट चिठ्ठी बघूनच काढतो. मी शुकनाच्या फाईलवरून चिठ्ठी भरताना नाव बदललं, बंदर बदललं, नग बदलले, आणि ती तीन अक्षरं बदलायच्या आत पोरगी इतकी जोरात रडली की काका उठले, तिला खांद्यावर घेतलं, थोपटत थोपटत एका हातानं माझ्या चिठ्ठीवर सही केली. वाचली नाही. माझ्यावर भरवसा होता, आणि खांद्यावर माझीच लेक होती.

शेठनी एजंटला फोन लावला. फोन ठेवला तेव्हा त्यांचा चेहरा बघवत नव्हता. पार्टीशी बोली झाली होती विमा आपण काढायचा, म्हणजे नुकसान आपलंच. त्यांनी चिठ्ठी मागवली, टेबलावर ठेवली, त्या तीन अक्षरांवर बोट ठेवलं आणि विचारलं, "चिठ्ठी कोणे भरी?"

माझं तोंड उघडलं होतं. देवाशपथ उघडलं होतं. झोळीत पोरगी झोपली होती, तिचा एक पाय बाहेर आला होता. 

काका म्हणाले, "सही माझी आहे ना शेठ. मग चूक माझी."

शेठ म्हणाले, सही तुमची आहे ते दिसतंय, मी विचारतो भरली कोणी. काका हसल्यासारखं करून म्हणाले, डोळे गेले माझे, चष्मा बदला म्हणून घरी दोन वर्षं शिव्या खातोय. त्यावर शेठ म्हणाले की मग आता घरीच बसा, डोळ्यांना आराम द्या. चिडून नाही, हळू बोलले. तीस वर्षं.

मी जिन्यात त्यांच्या मागं पळाले. म्हटलं काका, मी जाते परत, सांगते. ते थांबले, वळले, आणि आमच्या घरच्या बोलीत म्हणाले, "गप ऱ्हाय माय. पोर कोठे ठेवशी?" पोर कुठं ठेवशील, एवढंच. आणि उतरून गेले.

आता त्यांच्या टेबलावर मी बसते. पगारही थोडा वाढला. पण ऑफिसात पाऊल टाकलं की मला ओल्या कापडाचा वास येतो, कुणालाच येत नाही, मी विचारून बघितलं. पोरीचे लंगोट पिळताना पाणी गुलाबी दिसतं. चिठ्ठी भरताना मागं कुणीतरी थोपटतंय असा आवाज येतो, मी वळते, मागं कपाट. ती तीन अक्षरं मी आता पाच पाच वेळा वाचते आणि तरी हात सुटत नाही कागदावरून.

गेल्या आठवड्यात अमरोलीच्या भाजीबाजारात काका भेटले. चष्मा जुनाच. पोरीच्या गालाला हात लावला, दात आले का विचारलं, मेथीची जुडी तिच्या हातात दिली. कामाचं काही बोलले नाहीत. मुलगा एका दुकानात बसायला जा म्हणतो, पण या वयात कोण ठेवतं, एवढं मात्र सहज बोलून गेले.

शेठ अजून आहेत, काचेच्या पलीकडं रोज दिसतात. दार ढकललं की झालं, चार पावलं. सांगितलं तर काका परत येतील कदाचित, आणि मी झोळी सोडून जिना उतरेन, कायमची. नाही सांगितलं तर हे असंच. रोज दारापर्यंत जाते आणि पाणी प्यायच्या निमित्तानं वळते.

तुमची लेक झोळीत असती, तर तुम्ही दार ढकललं असतं का?