को सरांनी शिकवलेली भीती

को वेनशेंग तैवानमधल्या आमच्या चांगह्वा शहरात पहिल्यांदा आला तो विमा विकायला. माझ्या शिवणाच्या दुकानात बसून त्याने मला माझंच मरण इतकं रंगवून सांगितलं, की शेवटी चहा पाजून मी त्याला घालवला. विमा काही खपला नाही. मग तो तायपेला जाऊन बारा दिवसांचा कसलासा कोर्स करून आला, माझ्याच डोक्यावरचा मजला भाड्याने घेतला आणि पाटी लावली: 'हातघाईच्या प्रसंगासाठी नागरिकांचं वर्तन-प्रशिक्षण'. माल तोच होता, फक्त आता त्याला चटया लागत होत्या.

सक्तीची लष्करी सेवा त्याने गोदामात ब्लँकेटांच्या घड्या घालत काढलेली. पण वर्गात उभा राहायचा तो सीमेवरून नुकताच परतल्यासारखा. छतातून मला सगळं ऐकू यायचं.

"डावपेच विसरा. संकटात डोकं बंद पडतं. अंगाला वळण लावा. हात लागला की विचार करायचा नाही."

विचार न करणं त्याला शिकावं लागलं नव्हतं. तरी बँकेतले कारकून यायचे, एक दाताचा डॉक्टर यायचा, आणि यायची ल्याओ सूच्यिन.

सूच्यिन चौकात सकाळी अंड्याच्या पोळ्या विकते. गिऱ्हाईक जरा आवाज चढवून बोललं तरी तिच्या हातून चटणी सांडायची. टीव्हीवर कुठल्याशा चाकूहल्ल्याची बातमी पाहिली आणि तिने नाव घातलं. वर दिवे मालवून तिला उभं करत. मागून कुणी खांद्यावर हात ठेवला, की वळून कोपर हाणायचं. शंभरदा, दोनशेदा. तिच्या तोंडून चुकून 'माफ करा' निघालं, की को ओरडायचा, "माफी नाही. तो माणूस नाही, धोका आहे. पुन्हा."

सहा महिन्यांनी ती मला म्हणाली, "ताई, आता मला भीती वाटत नाही."

"मग मघाशी दार वाजलं तेव्हा दचकलीस का?"

"ते दचकणं नव्हे. सर म्हणतात, ते सावध असणं."

त्या शनिवारी ती भाजीबाजारात बांबूचे कोंब घेऊन निघाली आणि घराच्या किल्ल्या तिथेच विसरली. शेजारी घड्याळं दुरुस्त करणारे वू काका होते. वय शहात्तर, जन्मापासून मुके-बहिरे. हाक मारता येत नाही म्हणून ते धावत गेले आणि तिच्या खांद्यावर हात ठेवला.

दोन दात पडले. ओल्या फरशीवर आपटून कंबरेचं हाड मोडलं. किल्ल्या मुठीत तशाच होत्या.

संध्याकाळी मी चटयांच्या शिवलेल्या खोळी द्यायला वर गेले, तर को वर्गाला बाजाराच्या कॅमेऱ्यातली तीच चित्रफीत दाखवत होता. "बघा. एक सेकंदही नाही. याला म्हणतात वळण." टाळ्या पडल्या.

मी म्हटलं, "ते वू काका आहेत. तिच्या किल्ल्या द्यायला आले होते."

"ते नंतर कळतं, ताई. वर्तन बरोबरच होतं."

दाताच्या डॉक्टरने विचारलं, "मग चूक कुणाची?"

"मागून येणाऱ्याची," को म्हणाला.

त्याला वाटलं, गोष्ट तिथेच मिटली. पण वूंच्या सुनेने तक्रार केली आणि प्रकरण नगरपालिकेच्या तडजोड समितीपुढे आलं. को कडक इस्त्रीचा शर्ट घालून आला. "ही बाई दोन-तीनदा येऊन गेली, इतकंच. मनाने कच्ची. मीच नको म्हटलं होतं."

सूच्यिन मान खाली घालून बसली होती. मी पिशवीतून तिचं जाकीट काढून टेबलावर ठेवलं. त्यावर मीच भरतकाम केलं होतं: 'ल्याओ सूच्यिन, दुसरी पायरी, उत्तम प्रतिसाद'. सोबत काय भरायचं ते लिहून दिलेली चिठ्ठीही होती.

अध्यक्षांनी चष्मा सारखा केला. "को सर, अक्षर तुमचंच ना?"

कोने चिठ्ठीकडे पाहिलं, मग दाराकडे. महत्त्वाचा फोन आहे म्हणाला आणि बाहेर गेला तो परत आलाच नाही. निसटताना मात्र त्याचं वर्तन निर्दोष होतं. दोन दिवसांत वरच्या चटयाही गेल्या. आता दुसऱ्या कुठल्या शहरात शिकवतो म्हणतात, आणि वर्ग भरलेले असतात. असणारच. भ्यालेली माणसं कुठे कमी आहेत.

सूच्यिनने सुनेची हात जोडून माफी मागितली, दवाखान्याचं सगळं स्वतः पाहिलं. तक्रार मागे घेतली गेली. वू काका आता काठी टेकत येतात, समोरून, लांबूनच हात हलवत. ती त्यांची पोळी मऊ ठेवते, चावायला लागू नये म्हणून. अजूनही पाठीमागे पाऊल वाजलं की तिचं कोपर आपोआप वर येतं. मग ती ते दुसऱ्या हाताने घट्ट धरते आणि तव्यावरची पोळी करपेपर्यंत तशीच उभी राहते.