एकशे शहाऐंशीवी वॉर्निंग

सम्राट दौंडचा, आणि नोकरीला कुरकुंभच्या एका केमिकल कारखान्यात. काम पॅनलवर: टाक्यांचे आकडे बघायचे आणि धोक्याची बेल वाजली की जाऊन व्हॉल्व्ह तपासायचा. पंचविशी उलटल्यावर हा गडी स्टेशनजवळच्या क्लासात 'सी' ही कॉम्प्युटरची भाषा शिकला आणि सायबर कॅफेतून एका जुन्या कॉम्प्युटर खेळाचा सोर्स कोड, म्हणजे मूळ लिखाण, फ्लॉपीवर घरी घेऊन आला. खाणीतून वाट काढायचा साधा खेळ. पण घरच्या कॉम्प्युटरवर, कोडचा चालता खेळ बनवणाऱ्या कंपायलरला तो दिला की एकशे शहाऐंशी वॉर्निंग.

वॉर्निंग आली म्हणून खेळ काही अडत नाही. 'इथं गडबड दिसते' एवढंच कंपायलर सांगतो, आणि जगभरची शहाणी माणसं तिकडं खुशाल काणाडोळा करतात. सम्राटला ते जमेना. २००३चा पावसाळा सरेपर्यंत, शिफ्ट सांभाळून, तो एकेक वॉर्निंग मुळापासून काढत गेला. असल्या चिकाटीला आपण तर हात जोडले.

खेळाची देखभाल परदेशातला वॉल्टर नावाचा एक म्हातारा करी. सम्राट त्याला मेलनं दुरुस्त्या पाठवायचा. शेवटची एकच उरली तेव्हा वॉल्टरनं कळवलं, रविवारी नवी आवृत्ती काढतो, कर्त्यांच्या यादीत तुझं नाव घालतो. आजवर सम्राटचं नाव लागलं ते फक्त ड्यूटी चार्टवर. हे त्याला फार हवं होतं. इतकं, की शेवटची वॉर्निंग सुटेना तेव्हा त्यानं कंपायलरचं तोंड बंद करणारी एक ओळ टाकली आणि 'आता एकही नाही' म्हणून पाठवून दिलं.

शनिवारी पॅनलवर बेल वाजली. शिफ्टमधल्या जुन्या जोडीदारानं, म्हस्कूआप्पांनी, बसल्या जागेवरून बटण दाबून ती बंद केली आणि चहा ओतला.

"आप्पा, बेल बंद केली म्हंजी टाकी भरायची थांबली व्हय?" सम्राट करवादला आणि स्वतःच व्हॉल्व्ह बघून आला. आला तो तोंड उतरवून.

"येवढं मनाला लावून घिऊ नगं," आप्पा म्हणाले.

"तुमचं न्हाई, आप्पा. म्या बी तेच केलंय."

शिफ्ट सुटल्यावर तो तडक कॅफेत गेला. लाज वाटत होती, तरी सरळ लिहिलं: शेवटची वॉर्निंग मी दुरुस्त केली नाही, दाबली. ती ओळ काढा. माझं नावही काढा.

सोमवारी त्यानं भीत भीत नवी आवृत्ती उघडली. यादीत नाव होतं. आणि त्याखाली वॉल्टरनं सगळ्या जगासाठी लिहिलं होतं: 'एक वॉर्निंग शिल्लक आहे. ती सम्राटकडे आहे. काळजी नसावी.'