आप्पांचा खडू

"गुरुजी, एक खडू द्या."

शाळेच्या भिंतीला सायकल टेकवून आप्पा एवढंच म्हणायचे. मी कारेगावच्या शाळेत मास्तर. खडू माझ्या शाळेचा आणि नाव व्हायचं आप्पांचं! ते जाऊन इतकी वर्षं झाली, तरी माझ्या पोटात दुखतं. खोटं कशाला बोलू?

नव्वदच्या दशकात गावाशेजारी कारखाने उभे राहिले. बिहारपासून मराठवाड्यापर्यंतची माणसं कामाला आली आणि ज्याच्या त्याच्या वावरात पत्र्याच्या खोल्या उभ्या राहिल्या. आप्पांनी आपल्या वावरात एकही बांधली नाही. उलट दर ग्रामसभेत उठायचे. "पाणी हाय तेवढंच हाय आन् तोंडं वाढत्यात. बाहेरून येनारी थांबवा, घरातलीबी थांबवा. दोन पोरांवर बास!" हे शेवटचं ते सहा पोरांच्या एका पुढाऱ्याकडे बघून म्हणायचे.

मी विरोधात बोलायचो. आलेल्यांना राहू द्या, माणुसकी आहे की नाही? फार छान बोलायचो. माझ्याही चार खोल्या भाड्यानं दिलेल्या होत्या, हे गावाला ठाऊक होतं. तुम्हालाही असू द्या.

एकदा भर सभेत मी टोमणा मारला, "आप्पा, तुमचे वडील पाटसकडून मेंढरं घेऊनच इथं आले ना? मग तुम्ही कोण?"

"व्हय, उपराच हाय मी," ते शांतपणे म्हणाले. "म्हनून तर ठावं हाय. आमचा बा पाणी बघून मेंढरं बसवायचा. आन् रोज सांजचं मोजायचा."

हशा झाला तो माझ्यावरच.

मोजायचं वेड त्यांना तिथूनच लागलं असणार. खोलीखोलीत जाऊन विचारायचे, "किती मानसं?" आणि दारावर खडूनं आकडा काढायचे. तेच आकडे घेऊन शिरूरला कचेरीत भांडायचे, की बघा, गाव किती फुगलंय. पण उन्हाळ्यात टँकर आला की त्याच आकड्यावर पाणी वाटायचे, माणशी एक हंडा. "आल्यावर तहान लागनारच की," म्हणायचे. ज्यांनी येऊ नये म्हणून हा माणूस घसा कोरडा करायचा, ती माणसं त्यालाच चहा पाजायची! मी त्यांची एवढी बाजू घ्यायचो, मला कुणी साधं बसा म्हटलं नाही.

एका उन्हाळ्यात मला हे सहन झालं नाही. भाडेकरूंना म्हणालो, "अरे, हे आकडे तुम्हाला हाकलायला आहेत. पुसून टाका." घाबरून सगळ्या चाळीनं ओल्या फडक्यानं दारं पुसली. दुसऱ्या दिवशी टँकर आला आणि हाणामारी झाली. कुणाला चार हंडे, कुणाला थेंब नाही. एका बाळंतिणीच्या घरी काहीच पोहोचलं नाही, तेव्हा आप्पांनी आपल्या घरचा भरलेला हंडा खांद्यावरून तिच्या दारी नेला. मग शाळेत आले. म्हटलं, आता आपली शंभरी भरली.

"गुरुजी, दोन खडू द्या. कुणीतरी पुसलंय."

त्यांना सगळं कळलं होतं. तरी कुणीतरी म्हणाले. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. तेवढा मोठेपणासुद्धा त्यांच्याच वाट्याला!

पुढं छातीत कळ येऊन आप्पा गेले. कारखान्यातली पाळी बुडवून अख्खी चाळ मयतीला आली. मी मागून चालत होतो आणि मनात मोजत होतो, माझ्या वेळी यातले किती येतील.

दहाव्यानंतर माझाच एक भाडेकरू शाळेच्या दारात येऊन उभा राहिला. "गुरुजी, बेटी हुई है. दरवाजे का नंबर बदलना है. आप्पा तो अब रहे नहीं."

काय सांगू तुम्हाला, किती आनंद झाला! शेवटी माझ्याकडेच आले ना? खडूची नवी पेटी फोडली. त्याच्या दारावरचा चार पुसला आणि विचारलं, "नाव काय रे तुझं?"

तो माझ्याकडे बघतच राहिला. सहा वर्षं माझ्याच खोलीत राहत होता.

मी घाईघाईनं पाच काढला. त्याची बायको लेकीला घेऊन बाहेर आली, आकड्याकडे बघत राहिली आणि नवऱ्याला हळूच म्हणाली, "आप्पा पहले डाँटते थे, फिर गोद में लेते थे, तब लिखते थे."

तेव्हाही हेवाच वाटला मला, शपथ. मग हाताचा खडू धोतराला पुसला आणि दोन्ही हात पुढं केले.