वॉलपेपरवरची शोभना

परदेशी वाळवंटातल्या चँडलर शहरी, चार बेडरूमच्या घरात पुरुषोत्तमराव केतकर सकाळचा चहा कॉम्प्युटरपुढे घेतात. मशीन सुरू करायचं आणि स्क्रीनवर शोभना उमटायची वाट बघायची. हल्ली तिला यायला दहा-दहा मिनिटं लागतात. आतून टकटक आवाज येतो. जन्मभर चिपच्या कारखान्यात राबलेल्या माणसाला तो मरायला टेकलेल्या हार्ड डिस्कचा, हे सांगावं लागत नाही.

ते या देशात आले तेव्हा स्क्रीन म्हणजे काळोख आणि त्यावर हिरवी अक्षरं. मग मागे विटांच्या भिंतींची चित्रं आली, मग ती हिरवीगार टेकडी नि निळं आभाळ. ऑफिसात ज्याच्या-त्याच्या टेबलावर तीच टेकडी! घरचीही शोभनानं वर्षानुवर्षं हलू दिली नाही. "बाहेर नुसते दगड नि निवडुंग. इथं तरी हिरवं दिसू दे." पुढे तिनंच एक दिवस सेडोनाच्या लाल खडकांपुढचा स्वतःचा फोटो लावला.

ती जाऊन तीन वर्षं झाली. मूळ फोटो कॅमेऱ्याच्या कुठल्या कार्डावर आहे, ते तिलाच ठाऊक.

बेलव्ह्यूला राहणाऱ्या मुलाला, मिहीरला, त्यांनी फोन केला.

"बाबा, नवा लॅपटॉप पाठवलाय ना? जुनं रिसायकल करा."

"अरे, त्यावर आई आहे."

"कुठल्या फोल्डरमध्ये?"

"फोल्डरमध्ये नाही रे. मागे आहे. वॉलपेपर."

"मग स्क्रीनशॉट घ्या. सिंपल!"

"घेतला. टॅक्सच्या फाइलींसकट आली."

मिहीर हसला. "तुम्ही सगळं डेस्कटॉपवरच टाकता ना! वीकेंडला बघतो, प्रॉमिस."

दोन वीकेंड गेले. सोमवारी मशीन तिसऱ्या खेपेला कसंबसं सुरू झालं. पुरुषोत्तमरावांनी एक फोल्डर केला आणि एकेक आयकॉन त्यात ओढायला घेतला. त्यांच्या आईचा व्हिसा. मिहीर ग्रॅज्युएशन, पाहुण्यांची यादी. शोभना ब्लड रिपोर्ट, मार्च. उघडली एकही नाही. प्रत्येक फाइलीला मशीन अडकायचं, मग तेही माउसवरचं बोट न उचलता थांबायचे.

शेवटची फाइल हलली तशी तिच्याखालची लाल माती मोकळी झाली. तिथं एक लांबलचक सावली पडली होती. दोन्ही कोपरं वर, हातात कॅमेरा धरलेली. डोकं पार शोभनाच्या चपलांपर्यंत पोचलेलं. इतकी वर्षं ते स्वतःच तिथं होते, आणि फाइलींखाली झाकलेले.

नवा स्क्रीनशॉट पेन ड्राइव्हवर घेऊन त्यांनी मिहीरनं पाठवलेल्या लॅपटॉपवर लावला. रुंद स्क्रीनवर पूर्ण भरावा तर वरून तिचं कपाळ नि खालून सावली कापली जायची. ताणावा तर शोभना जाडी दिसायची, आणि ते तिनं मुळीच खपवून घेतलं नसतं. शेवटी होता तसाच ठेवला. दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या आल्या.

मिहीरला पाठवला. थोड्या वेळानं अंगठा आला. सावली दिसली का, हे विचारायला त्यांनी फोन उचलला, आणि आज सोमवार आहे, कामात असेल, म्हणून खाली ठेवला.