हवेतली परीक्षानळी

गोसीखुर्द धरणाच्या पाण्याखाली जुने गाव गेले आणि आमची शाळा पुनर्वसनातल्या कोऱ्या इमारतीत आली. विज्ञानाच्या खोलीत काचेचे एक कपाट होते: परीक्षानळ्या, चंचुपात्रे, स्पिरिटचा दिवा. कपाटाला कायम कुलूप. फुटलेल्या वस्तूचा जाब सरांना द्यावा लागे आणि बदली वस्तू येत नसे, म्हणून सर प्रयोग हवेत करत. डाव्या हातात नसलेली नळी, उजव्या हातात नसलेले आम्ल. आम्हीही बाकांवर तेच करायचो. माझ्या शेजारी बसणारी मैत्रीण त्यात इतकी तरबेज होती, की तिच्या बोटांमधली नळी मला खरोखर दिसे.

दहावीनंतर विज्ञान शिकण्याची आम्हा दोघींपुढे एकच वाट होती: भंडाऱ्याचे एक निवासी महाविद्यालय. तिथे आमच्या शाळेतून एकाच मुलीला जागा मिळणार होती आणि निवड प्रात्यक्षिकावर होणार होती. तिला आधी बोलावले. मी प्रयोगशाळेच्या दाराशी उभी राहून पाहत होते.

टेबलावर सगळे साहित्य मांडलेले होते. "कार्बन डायऑक्साइड तयार करून दाखव," परीक्षक म्हणाले. तिने कशालाही हात लावला नाही. तिच्या लेखी काच ही पाहायची वस्तू होती. टेबलापासून थोडी दूर उभी राहून तिने हवेतली नळी तिरपी धरली, चुनखडीचे तुकडे हलकेच आत घसरू दिले, आम्ल थेंबाथेंबाने सोडले आणि चुन्याची निवळी दुधाळ होईपर्यंत ती थांबली. एकही पायरी चुकली नाही.

"गावच्या दंडारीच्या खेळात सोंग घेतेस काय, पोरी?" परीक्षक हसले. शिपाईही हसला. "का थट्टा करून राहिली आमची?"

"नाही जी," ती म्हणाली. "असंच करतेत ना?"

"चल, पुढची."

मी खरी नळी उचलली. माझा क्रम चुकला, निवळी सांडली. जागा मला मिळाली.

ती त्या पावसाळ्यापासून लोकांच्या धानात रोवण्याला जाऊ लागली. मी आज संशोधन करते. आम्हाला उलट क्रमाने बोलावले असते तर काय झाले असते, हे गणित सोपे आहे; मी ते रोज सोडवते. तरीही प्रयोगशाळा रिकामी झाली, की टेबलापासून थोडे दूर कोणीतरी हात उचलून उभे असते.

त्या दिवशी परतीच्या बसमध्ये ती रडली नाही. तिने विचारले, "खरी नळी जड रायते का वं?"

"नाही. हलकी रायते."

तिने मांडीवरची बोटे किंचित सैल केली, आणि पवनी येईपर्यंत तशीच धरून ठेवली.